खरात काकांची फील्ड ट्रायल

खरात काकांनी काठी धरायला नकार दिला, तेव्हा त्यांना समजवायला आमच्या बिल्डिंगने मला पाठवलं. वास्तविक मी चेअरमन नाही, डॉक्टर नाही, आणि माझ्या समजावण्याने आजवर आमच्या घरात कुणी समजल्याचं मला आठवत नाही. पण खरात काकूच म्हणाल्या, "सुर्वेंना पाठवा. नको तिथे ताठा धरला की माणसाचं काय होतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही." जिन्यात उभ्या असलेल्या पाच-सहा जणांपैकी एकानेही 'छे छे, असं काय म्हणता' म्हटलं नाही. आमची वर्षा, म्हणजे माझी लग्नाची बायको, तर मान डोलावत होती.

झालं होतं असं की, काका जिन्यात पडले होते. हाड मोडलं नाही, पण कंबरेतली ताकद गेली. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या आणि रोज चाला. चालला नाहीत तर पाय कायमचे जातील. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, घरी आले आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणंच बंद केलं. डोंबिवलीतली आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. काकू सांगायच्या, पायजमा रोज थोडा थोडा सैल होतोय.

आता काका म्हणजे कोण, ते सांगायला हवं. उंची बेताची, इस्त्रीचा पांढरा हाफशर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी नेलपॉलिशच्या तीन बाटल्या. बाटल्या मुलीच्या, रिकाम्या झालेल्या; आत ऑइलपेंट. हिरवा, पिवळा, लाल. काकांनी उभी नोकरी कोलशेतच्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून केली. हिरवा ठिपका म्हणजे पास, पिवळा म्हणजे रीवर्क, सुधारून पुन्हा आणा, लाल म्हणजे नापास. नोकरी संपली, कारखानाही बंद पडला, पण काकांचं इन्स्पेक्शन काही थांबलं नाही. बिल्डिंगच्या पंपाच्या स्विचला हिरवा ठिपका. टाकीच्या झाकणाला पिवळा. सेक्रेटरींच्या स्कूटरच्या मागच्या टायरला लाल, आणि तो टायर आठवड्याच्या आत फुटला. तेव्हापासून लोक काका समोरून आले की हातातली वस्तू पाठीमागे लपवायचे.

पण माणूस काटेकोर. एकदा सोसायटीच्या मीटिंगला बाटली उघडताना हिरव्या रंगाचा थेंब सेक्रेटरींच्या रजिस्टरवर पडला. सेक्रेटरी म्हणाले, "असू द्या हो, काय होतंय." काका तीन मजले चढून वर गेले, थिनरची बाटली आणि कापूस घेऊन खाली आले आणि पान फाटेपर्यंत तो थेंब पुसत राहिले. "चुकून पडलेला ठिपका म्हणजे खोटी सही," ते म्हणाले. "वाळायच्या आत पुसायचा. एकदा वाळला की तो खरा धरतात."

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती मी आडवा पडलेलो असताना. एप्रिलमध्ये आमच्या कंपाउंडात जयंतीचा कार्यक्रम असतो, त्याची सगळी व्यवस्था काकांकडे. भाड्याने आणलेल्या प्रत्येक खुर्चीवर ते स्वतः बसून बघत. त्या वर्षी मला मंचावर बोलावलं होतं. मी ठाण्याच्या एका पॅकेजिंग कंपनीत परचेस मॅनेजर. निवेदकाने त्याचं 'उद्योगजगतातील मान्यवर' केलं आणि मी ते गुपचूप होऊ दिलं. मंचावर सहा खुर्च्या. एकीच्या पाठीवर लाल ठिपका. मला वाटलं, मान्यवरांसाठी राखून ठेवलेली दिसतेय. तिच्यावर दुसरे एक गृहस्थ बसायला गेले, त्यांना मी हाताने थांबवून बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि कोटाचं बटण सोडून ऐटीत त्या खुर्चीत बसलो.

पुढच्या क्षणी मला फक्त मंडपाचं छत दिसत होतं. धावत आलेले पहिले गृहस्थ म्हणजे खरात काका. त्यांनी मला उचललं नाही. खुर्ची उचलली. पाय तपासला आणि म्हणाले, "मागचा डावा. मी म्हटलंच होतं." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला लाल दिसला नाही?"

"दिसला ना," मी म्हणालो. "म्हणूनच बसलो."

काकांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या तपासणीखाली आलो असावा.

त्यानंतर वर्षभरात आमच्या कंपनीत नवे डायरेक्टर आले. ते गोल्फ खेळायचे. बघता बघता सगळ्या मॅनेजरांना आपल्याला लहानपणापासून गोल्फची आवड होती हे आठवलं. माझं लहानपण विटीदांडूत गेलं, पण तेही काठीने मारायचंच काम, असं म्हणून मीही उतरलो. घोडबंदरच्या बाजूला एक रेंज आहे. तिथे ओळीने उभं राहून नुसते चेंडू मारायचे. तिथल्याच दुकानात मी जुना सेट घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "शाफ्ट कसा हवा?"

शाफ्ट म्हणजे क्लबची, गोल्फच्या काठीची, नळी. मला वाटलं होतं, नळी ती नळी. पण नाही, तिच्यात लवचीकपणाच्या इयत्ता असतात. सगळ्यात मऊ लेडीजसाठी, मग सीनियर, मग रेग्युलर, मग स्टिफ, आणि शेवटी एक्स्ट्रा स्टिफ. ज्याचा फटका जितका वेगाचा, तितका शाफ्ट कडक. हे सगळं त्या दुकानदाराने मला नीट समजावून सांगितलं आणि वर म्हणाला, "सर, तुम्हाला रेग्युलर किंवा त्याच्याही खालचा बरा." 

मला एवढा राग आला! रेग्युलर? म्हणजे सर्वसाधारण? आणि त्याच्याही खालचा? आमचे डायरेक्टर स्टिफ वापरतात हे मला माहीत होतं. मी एक्स्ट्रा स्टिफ घेतला. जुन्या पद्धतीचा, पोलादी शाफ्टचा. सत्तेचाळिसावं वर्ष, खुर्चीत बसून कमावलेलं पोट, दोन मजले चढलो की कठड्याला धरून मोबाईल बघायचं नाटक, आणि हातात एक्स्ट्रा स्टिफ.

पुढचे सहा महिने माझा चेंडू जमिनीलगत निघायचा आणि उजवीकडे पळायचा, शाळा सुटल्यासारखा. कंबर अशी धरायची की सोमवारी मी ऑफिसात सगळ्यांना वाकून नमस्कार केल्यासारखा चालायचो. आणि डायरेक्टरांनी जाहीर केलं की वर्षअखेरीला सगळ्या मॅनेजरांची मॅच होणार. मी सरावासाठी रविवारी सकाळी क्लब घेऊन गच्चीवर जायला लागलो. खरात काका तिथे वाळवणाच्या ताटांना ठिपके लावत असत.

तिसऱ्या रविवारी ते जवळ आले. "बघू."

त्यांनी क्लब हातात घेतला. गोल्फ त्यांनी आयुष्यात पाहिलेला नव्हता, टीव्हीवर सुद्धा. त्यांनी मूठ गच्चीच्या कठड्यावर शिकंज्याने घट्ट बसवली, दुसऱ्या टोकाला किलोची मिठाची पिशवी टांगली आणि खिशातल्या पट्टीने किती वाकतंय ते मोजलं. मग मला म्हणाले, "मारा." मी हवेत फटका मारला. "पुन्हा." पुन्हा मारला. असे बारा झाले. मी धापा टाकत टाकीला टेकलो.

"चेंडू उजवीकडे जातो ना?" काका म्हणाले. "आणि खालून खालून?"

मी गार पडलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"अहो सुर्वे, यात दोन स्प्रिंगा आहेत. एक ही, आणि एक तुम्ही. मारताना तुम्ही हिला मागे वाकवायचं आणि चेंडूपाशी येईतो हिने सरळ व्हायचं. तो झटका चेंडूला मिळायला हवा. पण तुमच्या जोराने ही वाकतच नाही. मग हिचं तोंड उघडंच राहतं, चेंडू उजवीकडे जातो. ही वाकत नाही म्हणून तुम्ही वाकता. कंबर दुखते का?"

"थोडी."

"दिवाळीत तुम्ही गाद्या झोडत होता, ते मी बघितलंय. चौथ्या फटक्याला खाली बसलात."

मी म्हणालो, "काका, पण शाफ्ट चांगला आहे हो. महागातला आहे."

"माल चांगलाच आहे. माल सहसा वाईट नसतो, पोस्टिंग चुकलेलं असतं." आणि त्यांनी माझ्या एक्स्ट्रा स्टिफवर, अगदी मुठीखाली, लाल ठिपका लावला.

पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर रेंजवर आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, काखेत वही. वाटेत कोलशेतच्या फाट्याशी त्यांनी रिक्षा थांबवायला लावली आणि एका उंच टॉवरच्या गेटकडे बोट केलं. "इथे आत माझं टेबल होतं. आता तिथे पोहायचा तलाव आहे." एवढंच बोलले आणि पुन्हा रिक्षात बसले.

रेंजवर ट्रायलसाठी वेगवेगळ्या शाफ्टचे क्लब मिळतात. काकांनी चार मागून घेतले, मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि प्रत्येकावरच्या ग्रेडच्या अक्षरावर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावून वर एक ते चार आकडे टाकले. "ऑपरेटरला ग्रेड दिसता कामा नये. दिसली की तो हाताने मारत नाही, इज्जतीने मारतो." प्रत्येकाने दहा चेंडू. काका पाठीमागे उभे राहून वहीत खुणा करत होते. आजूबाजूचे टीशर्टवाले आधी हसले, मग त्यांतले दोघे येऊन वहीत डोकावायला लागले.

तीन नंबर हातात आला आणि काय सांगू! चेंडू उचलला गेला, सरळ गेला, वर जाऊन तरंगला आणि सावकाश उतरला. दहापैकी आठ. कंबरेला पत्ता नाही. मला त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्या शरीराचा आणि आपला काहीतरी संबंध आहे. मी ओरडलो, "काका, हाच! हा स्टिफ असणार. बघा, मी म्हणत नव्हतो?"

काकांनी पट्टीचं एक टोक उचललं, खाली बघितलं आणि पट्टी परत चिकटवली. "सांगू?"

त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं. "रेग्युलर?"

"त्याच्याही खालचा."

सीनियर. म्हाताऱ्यांचा. मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग हळूच म्हणालो, "काका, पट्टी तशीच राहू दे."

तो क्लब मी पट्टीसकट विकत घेतला. काकांनी त्याला हिरवा ठिपका लावला. मग माझा हातमोजा मागून घेतला आणि त्यावर पिवळा लावला. "शाफ्ट पास. ऑपरेटर रीवर्क."

मॅचच्या दिवशी मी जिंकलो वगैरे नाही. शेवटून दुसरा आलो, पण माझे चेंडू सरळ जात होते, आणि डायरेक्टरांचे उजवीकडच्या तळ्यात. त्यांनी माझ्या क्लबवरची पट्टी पाहिली. "ये क्या है, सुर्वे?" मी म्हणालो, "कस्टम फिटिंग, सर." पुढच्या महिन्यात तीन मॅनेजर क्लबला चिकटपट्टी लावून आले. खाली स्टिफच होता, चेंडूही उजवीकडेच जात होते, पण पट्टी होती. मी कुणालाही काही बोललो नाही. पिवळा ठिपका उगाच लावला नव्हता काकांनी.

तर असा मी, काकांना ताठा सोडा म्हणून सांगायला निघालो होतो.

त्यांच्या दाराआड चार काठ्या उभ्या होत्या. चारही लाल ठिपक्याच्या. एक बांबूची, "ओली आहे." एक घडीची, "सांध्यात खडखडते." एक शिसवी, मुलीने टिटवाळ्याहून आणलेली, "लाकडाची रेघ वाकडी आहे." चौथी चार पायांची, तिच्याबद्दल काका म्हणाले, "ही काठी नाही, हे स्टूल आहे." काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "काठी नको असं म्हणायची लाज वाटते हो त्यांना. म्हणून काठ्या नापास करतायत."

मी बाहेर येऊन काकांच्या समोर बसलो. पाय खरंच बारीक झाले होते. मांडीवर पायजमा नुसता पसरलेला. जो माणूस एका थेंबासाठी तीन मजले चढायचा, तो आता खिडकीतून पंपाचा आवाज ऐकून "बेअरिंग गेलंय" एवढंच सांगायचा. मी पाठ करून आणलेलं भाषण विसरलो आणि हवापाण्याचं बोलून परत आलो. बिल्डिंगला वाटलं, सुर्वे नापास.

रात्रभर विचार वगैरे मी करत नाही, मला झोप चांगली लागते. पण सकाळी दाढी करताना आरशात माझ्या मागे, माळ्याच्या कडेला, ते लाल ठिपक्याचं टोक दिसलं. माझा एक्स्ट्रा स्टिफ. मी तो खाली काढला, एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या टर्नरकडे नेला. त्याने खालचं डोकं कापलं, लांबी काकूंनी गुपचूप मोजून दिली होती तेवढी ठेवली, वर लाकडी मूठ बसवली आणि खाली रबराचं बूच. लाल ठिपका तसाच ठेवला.

"काका, एक तपासणी होती," मी म्हणालो.

"कसली?"

"तुम्हीच नापास केलेला माल आहे. पोस्टिंग चुकलंय म्हणाला होतात. नवीन पोस्टिंग दिलंय. पास की नापास, तेवढं सांगा."

त्यांनी ती हातात घेतली. मूठ फिरवून पाहिली. बूच अंगठ्याने दाबलं. मग दोन्ही टोकं धरून गुडघ्यावर वाकवायला गेले. वाकली नाही.

"वाकत नाही," काका म्हणाले.

"नाहीच वाकत. सहा महिने मी बघितलंय."

काका हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. "टेबलावर नाही कळायचं हे. लोड देऊन बघावं लागेल. फील्डमध्ये."

काकू स्वयंपाकघराच्या दारात झारा धरून उभ्या होत्या. झाऱ्यातून तेल फरशीवर ठिबकत होतं आणि त्यांचं लक्ष नव्हतं. मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणालो, "गेटपर्यंत?"

"पहिल्याच दिवशी गेट? ट्रायल टप्प्याटप्प्याने घ्यायची असते, सुर्वे. आज दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्याला जायला-यायला त्या दिवशी आम्हाला अर्धा तास लागला. मी दोन पायऱ्या खाली, उलटा, हात पसरून. चौथ्या दिवशी पहिला मजला. पंधरवड्याने गेट. महिन्याने ते दुधाच्या बूथपर्यंत जाऊन बूथवाल्याच्या क्रेटला पिवळा ठिपका लावून आले. आख्ख्या बिल्डिंगने गॅलरीतून बघितलं आणि कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण काकूंनी सगळ्यांना दम भरला होता. पंपाचं बेअरिंगही बदललं गेलं.

मी अधूनमधून विचारायचो, "काका, निकाल काय?"

"ट्रायल चालू आहे."

एकदा मी जरा जोरच केला, तर काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, विचारू नका. पास केली की ती काठी होईल. ट्रायलवर आहे तोवर तो त्यांचा नमुना आहे." मला स्वतःची लाज वाटली. पट्टीखालचं अक्षर झाकून हिंडणाऱ्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं.

आठ महिने ट्रायल चालली. मग मुलीने टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये, लिफ्ट असलेल्या, दोघांना राहायला बोलावलं. तिथे काका पुढे सव्वा वर्ष होते, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत रोज खाली उतरत होते, असं काकूंनी फोनवर सांगितलं. मी जाऊन आलो ते सगळं झाल्यावर. त्यामुळे मला काका दिसतात ते अजून आमच्या गेटमध्येच.

गाडी उभी होती. सामान चढलं होतं. बिल्डिंग खाली जमली होती. जय भीम, नमस्कार, सांभाळून राहा, सगळं बोलून झालं होतं. काका गाडीच्या दारापाशी थांबले आणि मला म्हणाले, "सुर्वे, ही धरा."

मी काठी आडवी धरली. त्यांनी खिशातून हिरवी बाटली काढली. झाकणातला ब्रश बाहेर आला आणि थरथरायला लागला. हात आता तसाच झाला होता. ब्रश काठीपर्यंत पोहोचायच्या आत एक मोठा थेंब सुटला आणि माझ्या बुटाच्या टोकावर पडला. पांढरे कॅनव्हासचे बूट, गोल्फसाठी घेतलेले. काकांनी तिकडे पाहिलं, पण आधी हातातलं काम. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि लाल ठिपक्याच्या शेजारी नीट, गोल, हिरवा ठिपका लावला. काकू तोंड फिरवून गाडीत बसल्या.

मी काठी त्यांच्या हातात दिली आणि खिशातून रुमाल काढला. नियम मला पाठ होता. खोटी सही, वाळायच्या आत पुसायची. वाकायला लागलो, तेवढ्यात त्यांनी काठीच्या मुठीने माझ्या खांद्याला अडवलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"राहू दे रे," काका म्हणाले. बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि गाडीत बसले.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, लोक वर गेले. वर्षाने गॅलरीतून दोनदा हाक मारली. ठिपका वाळेपर्यंत मी पाय हलवला नाही.